जवळचा परदेश: आमच्या मजल्यावरची जावानीज शेजारीण

अनवाणी_पाय

परदेशातल्या मराठी माणसांचे धागे इथे भरपूर आहेत. बर्फ, ग्रीन कार्ड, मुलांचं मराठी, डाळीचे भाव. हा धागा जरा दुसऱ्याच परदेशस्थ माणसाचा आहे. सिंगापूरला बेडोकमध्ये आमच्या मजल्यावर काही दारं सोडून एक बाई राहते. मध्य जावातल्या सोलो शहरची, एका जहाज कंपनीत हिशेब बघते. इथले इंडोनेशियन तिला 'म्बाक' म्हणतात, म्हणजे ताई. मीही तेच म्हणते. विचारूनच लिहितेय. "नाव नको, बाकी काय हवं ते लिही," म्हणाली.

तिचं म्हणणं असं, की तुम्हा भारतीयांचं बरं आहे. तुम्ही घरापासून लांब आहात हे लोकांना पटतं तरी. तिला घरची आठवण येते म्हटलं की लोक हसतात. कारण इथे वेगळं काय आहे? तोच दमट उकाडा, तीच रेनट्रीची झाडं, भिंतीवर तीच चुकचुकणारी पाल, दुकानात इंडोमीच्या नूडल्स, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), गोड सोया सॉस. भाषाही जवळची, मलय लोकांशी ती थोडं सांभाळून बोलली की काम भागतं. ईस्ट कोस्टला स्वच्छ दिवशी समोर इंडोनेशियाची बेटं दिसतात. हार्बरफ्रंटहून बातामची बोट तासाभरात पोचते. ऑफिसात कुणीतरी म्हणालंच तिला, "अगं, तुझा देश तर खिडकीतून दिसतो!" दिसतं ते बाताम. सोलो तिथून बाराशे किलोमीटर पुढे आहे, आणि बातामला तिचं कुत्रंही ओळखीचं नाही.

घड्याळाची गंमत ऐका. सिंगापूर जावाच्या पश्चिमेला आहे, तरी घड्याळ जावापेक्षा एक तास पुढे. १९८२ च्या १ जानेवारीला मलेशियानं घड्याळ अर्धा तास पुढे सरकवलं, सिंगापूरनंही त्यांच्याबरोबर सरकवलं, तेव्हापासून असं आहे. म्हणून इथे सकाळी सातला जेमतेम उजाडतं. सोलोला त्यांच्या घड्याळात साडेपाचच्या सुमाराला लख्ख झालेलं असतं आणि तिची आई अंगण झाडून मोकळी. रमजानात आईचा रोजा हिच्या आधी साधारण अर्धा तास सुटतो. आई फोनवर समोर बसून गोड चहा पिते आणि ही इकडे घड्याळ बघत बसते. आई दरवर्षी न चुकता विचारते, "अजून नाही झालं तुमच्याकडे?"

अजानसुद्धा तिला रेडिओवर ऐकावी लागते. इथल्या मशिदींचे कर्णे १९७० च्या दशकातच आतल्या बाजूला वळवले गेले. सोलोत एका मोहल्ल्यात चार मशिदी चार सुरांत सुरू होतात, आणि तिथे असताना ती स्वतः त्या गोंगाटावर वैतागायची, हेही तिनंच सांगितलं.

पण सगळ्यात जास्त तिला काय आठवतं, तर फेरीवाल्यांचे आवाज. जावात खाणं दारात येतं. बाक्सोवाला (बीफच्या गोळ्यांचं सूप) वाडग्यावर चमचा वाजवतो, टिंग टिंग. नासी गोरेंगवाला (परतलेला भात) कढई ठोकत जातो. आणि संध्याकाळी 'कुए पुतु' येतं. बांबूच्या नळकांड्यात तांदळाचं पीठ आणि मधे ताडगूळ भरून वाफवतात, वरून ओलं खोबरं. त्या गाडीची वाफ एका बारीक भोकातून बाहेर पडते आणि अखंड शिट्टी वाजत राहते. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच पोरं वाटी घेऊन पळतात. सिंगापूरनं सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत रस्त्यावरचे सगळे फेरीवाले उचलून पक्क्या हॉकर सेंटरांमध्ये बसवले. स्वच्छता आली, नळ आले, भाव आवाक्यात राहिले, २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीतही नाव लागलं. मला स्वतःला ही व्यवस्था फार आवडते. म्बाकलाही आवडते. फक्त तिथे खाण्याकडे आपण चालत जायचं.

आणखी एक. मॉलमध्ये जावं तिथे 'बेंगावान सोलो' नावाचं केकचं दुकान दिसतं. १९७९ पासूनचं, मालकीण मूळची इंडोनेशियातलीच. बेंगावान सोलो ही जावातली सगळ्यात लांब नदी, म्बाकच्या गावाजवळून जाते. "माझ्या गावची नदी इथे प्रत्येक स्टेशनात वातानुकूलित आहे," म्हणते. पांदानचा हिरवा शिफॉन केक मात्र तिथूनच आणते.

अजून पुष्कळ आहे. तुमच्यापैकी कुणाचे इंडोनेशियन शेजारी, सहकारी असतील तर लिहा.

फणसाचा_गरा

मस्त धागा. ते लेबारानला (रमजान ईदला) गावी जातात ना, मुदिक म्हणतात त्याला? आमच्या ऑफिसच्या जाकार्ता शाखेत त्या आठवड्यात फोन उचलायला माणूस नसतो. मला तर ते थेट आमचे चाकरमानी वाटतात. गणपतीला मुंबई सोडायची म्हणजे सोडायची, रजा मिळो न मिळो. कोकणच्या गाड्यांचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि पहिल्या काही मिनिटांत प्रतीक्षा यादी सुरू. तुमची म्बाक जाते का दरवर्षी?

अनवाणी_पाय

फणसाचा_गरा, अगदी तसंच. जाकार्ता रिकामं होतं म्हणे. तिथे तर कायद्यानंच मालकाला लेबारानच्या किमान सात दिवस आधी सणाचा बोनस द्यावा लागतो, वर्षभर काम झालेल्याला पूर्ण एक महिन्याचा पगार. त्या पैशातूनच तिकीट, नवे कपडे, पुतण्या-भाच्यांना कोऱ्या नोटा.

म्बाकला जमेल तेव्हा जाते. इथे हरी रायाची (लेबारानचं इथलं नाव) सुट्टी एकच दिवस, बाकी रजा टाकायची. विमानानं जाकार्ता, मग रेल्वेनं सोलो बालापान स्टेशन. थेट योग्याकार्ताला उतरून जाता येतं, पण तिला गाडीच हवी असते. खिडकीतून भातखाचरं दिसायला लागली की आपण पोचलो, नुसतं विमानतळावर उतरून पोचल्यासारखं वाटत नाही असं तिचं मत. एका वर्षी जमलं नाही तेव्हा तिनं इथेच केतुपात (नारळाच्या झावळीच्या विणलेल्या पुडीतला भात) आणि ओपोर आयाम (नारळाच्या दुधातली कोंबडी) केली आणि मजल्यावर सगळ्यांना वाटली. आम्ही शाकाहारी, म्हणून आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात तेंपेचं ओपोर.

सदाशिवपेठी_शंका

छान लिहिलंय. एक शंका. जावात मुसलमान असूनही नावं विष्णू, देवी, श्री अशी असतात, रामायण-महाभारताचे खेळ होतात. म्हणजे मनानं ते अजून आपलेच म्हणायचे ना? तुमच्या शेजारणीला याबद्दल काय वाटतं?

अनवाणी_पाय

शंकासाहेब, तुमचा प्रश्न मी तिला आज विचारला नाही, कारण हा प्रश्न तिला भेटणारा प्रत्येक भारतीय विचारतो आणि तिचं उत्तर मला पाठ आहे. ती उलट विचारते, "तुमच्या महाभारतात सेमार आहे का?" नाही. वायांगमध्ये (जावातला सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ) सेमार म्हणजे पांडवांचा गलेलठ्ठ, विनोदी सेवक, पण देवांपेक्षाही वरचढ. त्याची पोरं गारेंग, पेत्रुक, बागोंग. रात्रभराच्या खेळात मध्यरात्र उलटल्यावर हे येतात, राजकारण्यांची टर उडवतात, आणि लोक त्यांच्यासाठी जागे राहतात. तिच्या लेखी अर्जुन हा जावाचा माणूस आहे. तो पूर्वी कुठून आला यात तिला फारसा रस नाही, आणि ती पाच वेळा नमाज पढते यातही तिला काही विसंगत वाटत नाही. 'आपलेच' म्हणून आपण तिच्या अंगावर हात टाकला तर ती सभ्यपणे हसेल. जावानीज सभ्यपणा भारी असतो, नकार मिळाला हे घरी गेल्यावर कळतं.

नावाचा खरा ताप वेगळाच आहे. बऱ्याच जावानीज माणसांना एकच नाव असतं, आडनाव नाहीच. सुकार्नो, सुहार्तो बघा. म्बाकचंही एकच. इथला प्रत्येक अर्ज आडनावाचा रकाना रिकामा ठेवू देत नाही. तिच्या एका कार्डावर तेच नाव पाठोपाठ दोनदा छापलंय. इंडोनेशियानं २०२२ मध्ये नव्या नोंदींसाठी नाव किमान दोन शब्दांचं असावं असा नियम काढलाय, पण जुन्यांचं काय? आमच्या ह्यांच्या नावात वडिलांचं नाव मधे घुसून विमानाच्या तिकिटावर जे रामायण होतं, त्यामुळे या विषयावर आमचं दोन्ही घरांचं एकमत आहे.

जुरोंगचा_जावई

धागाकर्तीचं निरीक्षण चांगलं आहे, थोडी भर घालतो. फार वर्षं इथे आहे.

इंडोनेशियन माणूस सिंगापूरला 'परदेशी' कधी झाला, हाच प्रश्न आहे. कांपोंग ग्लाममध्ये आज जिथे पर्यटक फोटो काढतात त्या बुसोरा स्ट्रीटवर एके काळी जावाहून हजला निघालेले यात्रेकरू बोटीची वाट बघत मुक्काम करायचे. बावेआन बेटावरचे लोक इथे घोडागाड्या हाकायचे, नंतर मोटारी. एकाच बेटाचे सगळे मिळून एका मोठ्या घरात राहायचे. गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. सिंगापूरचं राष्ट्रगीत रचणारे झुबिर सईद पश्चिम सुमात्रातल्या बुकिटिंगीचे, जन्म १९०७, इथे आले १९२८ साली. ते मिनांगकाबाऊ समाजाचे. त्यांच्यात तरुण मुलानं गाव सोडून बाहेर नशीब काढायचं ही रीतच आहे. घर आणि शेती बायकांच्या नावावर चालत येते, पोरगा बाहेर. नासी पादांगची (भात आणि सोबत त्यांच्याकडचे पदार्थ) हॉटेलं सगळीकडे पसरली ती या लोकांमुळे.

नंतर आले ते वेगळे. मे १९९८ मध्ये जाकार्तात दंगे झाले तेव्हा चिनी वंशाची कितीतरी कुटुंबं मिळेल त्या विमानानं इथे आली. काही परतली, काही राहिली. माझे एक जुने शेजारी त्यातले. त्यांच्यापुढे 'घरची आठवण' हा विषय मी कधी काढला नाही.

आणि वाळू! सिंगापूर समुद्रात भर घालून वाढलं, त्यासाठी इंडोनेशियाची वाळू वर्षानुवर्षं येत होती. त्यांनी समुद्रातली वाळू २००३ मध्ये आणि जमिनीवरची २००७ मध्ये विकणं बंद केलं. (ईस्ट कोस्ट त्यातलं नाही. तिथे बेडोक-सिग्लापच्या टेकड्या कापून माती टाकली होती.) तेव्हा तुमच्या म्बाकला सांगा, देश खिडकीतून दिसतो एवढंच नाही, काही ठिकाणी पायाखालीही आहे.

तिखटमीठ_जास्त

आमच्याकडे घरकामाला मध्य जावाचीच मुलगी आहे. स्वभावानं गरीब, पण रविवारची सुट्टी म्हणजे सुट्टी. सकाळी नटूनथटून पाया लेबारला सिटी प्लाझाकडे जाते ती रात्रीच उगवते. दोघंही नोकरी करतो, लहान बाळ आहे, रविवारीच तर आम्हाला जरा मोकळीक हवी असते. पैसे देऊ म्हटलं तरी ऐकत नाही. तुमच्या शेजारणीसारख्या शिकलेल्या बाईनं जरा समजावलं तर?

अनवाणी_पाय

तिखटमीठ, रागावू नका, पण नाही समजावणार. मीही सांगणार नाही तिला.

२०१३ पासून आठवड्याला एक सुट्टी नियमातच आहे. मुलीची तयारी असेल तरच त्या दिवसाचे पैसे देऊन काम घेता येतं. तिची तयारी नाही, विषय संपला. आणि २०२३ पासून महिन्यातली किमान एक सुट्टी तर पैसे देऊनही विकत घेता येत नाही. कारण उघड आहे. ती तुमच्याच घरात राहते, तुमच्याच घरात झोपते. तिचं काम कधी संपतं?

मी एका रविवारी म्बाकबरोबर सिटी प्लाझाला गेले होते. आसपासच्या हिरवळीवर चटया, डबे, एकमेकींचे केस विंचरणं, व्हिडिओ कॉलवर दूर असलेली स्वतःची मुलं. आत पैसे पाठवायच्या खिडक्यांपुढे रांगा. एका झाडाखाली 'आरिसान' चालू होती. ती म्हणजे शंभर टक्के आपली भिशी! तशीच चिठ्ठी, तशीच वही, उचल कुणाला लागली की तसाच आरडाओरडा. एकीला लागली ती धाकट्या भावाच्या कॉलेजची फी भरणार होती.

म्बाकला तिथे अवघडल्यासारखं होतं. त्या मुली तिच्याशी एकदम मानाची जावानीज बोलायला लागतात. जावानीजमध्ये मोठ्याशी बोलायची भाषा वेगळी, बरोबरीच्याशी वेगळी. आणि इकडे दुकानात, लिफ्टमध्ये मात्र लोक तिला सर्रास विचारतात, "कुणाकडे कामाला आहेस?" एकदा तर आमच्याच इमारतीत कुणीतरी तिच्या हातात कचऱ्याची पिशवी दिली. तिनं ती नेऊन टाकलीही. मी चिडले, तर म्हणाली, "त्यात काय, कचराच होता." मग थोड्या वेळानं, "पण तुझ्या हातात नसती दिली."

ओसरीवरून

कचऱ्याच्या पिशवीचं वाचून कसंसंच झालं.

विषय थोडा हलका करतो. जाकार्तात नोकरीला होतो तेव्हा एकदा सर्दी-अंगदुखीनं आडवा झालो. घरमालकीणबाईंनी तपासणीबिपासणी काही नाही, थेट निदान केलं: अंगात वारं शिरलंय. मला पालथं झोपवून पाठीला तेल चोळलं आणि नाण्याच्या कडेनं पाठ खरवडून काढली. केरोकान. पाठीवर लाल पट्टे उमटले, जितके लाल तितकं वारं जास्त! आरशात पाहून मी हबकलो, पण झोप मात्र गाढ लागली. आमची आजी हयात असती तर दोघींचं वाताबद्दल तासन्‌तास जमलं असतं.

एक विचारायचं होतं, जावानीज जेवण म्बाक इथेही तितकंच गोड करते का? मला योग्याकार्ताचं गुदेग आवडायचं, कच्च्या फणसाचं, पण गूळ इतका की भाजी खातोय की मुरांबा कळेना.

अनवाणी_पाय

ओसरीवरून, 'तोलाक आंगिन'च्या पुड्या तिच्या पर्समध्ये कायम असतात, मलाही देते. मध, आलं, पुदिना, बडीशेप असलं काहीतरी, वाईट नाही. केरोकान करायला मात्र इथे कुणी नाही म्हणते. स्वतःची पाठ स्वतःला खरवडता येत नाही. मी करते म्हटलं तर म्हणाली, तुझा हात हलका असेल.

जेवण गोडच! तिच्या भाजीत मी तिखट घालते, ती माझ्या आमटीत गूळ घालते. आमटीला मी आक्षेप घेऊ शकत नाही, आपणही घालतोच.

जुरोंगचा_जावई, वाळूचं सांगितलं तिला. म्हणाली, "मग भाडं कमी करायला सांग." जंगलांच्या धुराचंही ती असंच काहीसं म्हणते. २०१३ च्या जूनमध्ये सुमात्रातल्या आगींमुळे इथला प्रदूषण निर्देशांक ४०१ वर गेला होता तेव्हा ऑफिसात सगळे तिच्याकडे असे बघत होते जणू काडी हिनंच लावली. सुमात्राला ती आजतागायत गेलेली नाही.

फणसाचा_गरा

मग इतकी वर्षं तिथे आहे तर नागरिकत्व घेऊन का टाकत नाही? खोचक नाही, खरंच विचारतोय.

अनवाणी_पाय

हा प्रश्न तिच्याकडे फार दिवस पडून आहे. इंडोनेशिया मोठ्या माणसाला दुहेरी नागरिकत्व देत नाही, सिंगापूरही नाही. एवढंच असतं तर तिनं कदाचित ठरवलं असतं. अडचण घराची आहे. १९६० च्या तिथल्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकीची जमीन फक्त इंडोनेशियन नागरिकाच्या नावावर राहू शकते. पासपोर्ट बदलला तर वर्षभरात ती दुसऱ्या नागरिकाच्या नावे करावी लागते, नाहीतर हक्क जातो. सोलोतलं वडिलांचं घर तिच्या नावावर आहे, आई त्यात राहते. आपल्याकडे परदेशी पासपोर्ट झाला तरी वडिलोपार्जित घर वारशानं आपलंच राहतं, ओसीआय कार्ड घेऊन येऊन-जाऊन राहता येतं. तिला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच आमच्या सरकारबद्दल काहीतरी चांगलं बोलली.

भावाच्या नावे कर म्हणून सगळे सांगतात. भाऊ चांगला आहे, भावजयही. "पण मग मी लेबारानला जाईन ती पाहुणी म्हणून," ती म्हणते. म्हणून दर वेळी परवान्याची मुदत वाढवून घेते आणि विषय पुढे ढकलते. इथून बोटीनं तासाभरावर असलेल्या देशाबद्दल हे चाललंय.

सदाशिवपेठी_शंका

सेमारबद्दल वाचलं. पटलं, निदान अर्धं. उरलेल्या अर्ध्यासाठी वेगळा धागा काढतो.

तिखटमीठ_जास्त

रागावले नाही. थोडी रागावले होते. या रविवारी बाळाला घेऊन आम्हीच ईस्ट कोस्टला गेलो. अवांतर: त्या तेंपेच्या ओपोरची पाककृती मिळेल का? आणि आमचीच्या हातचं तेंपे कुरकुरीत होतं, माझं मऊ राहतं, ते का?

अनवाणी_पाय

म्बाक म्हणते, पातळ काप, मीठ-धणे-लसणाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून, तेल नीट तापल्यावरच टाकायचे आणि कढईत गर्दी करायची नाही. ओपोरचं सविस्तर पाककृती विभागात टाकते. पण तुमच्या घरातच तज्ज्ञ आहे की, तिलाच विचारा. रविवार सोडून.

ओसरीवरून

डिसेंबरात लेकीकडे सिंगापूरला येतोय. बाताम एका दिवसात होतं का? व्हिसाचं काय?

जुरोंगचा_जावई

होतं. भारतीय पासपोर्टवर तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो, ५ लाख रुपियांना. आकडा वाचून घाबरू नका. एका सिंगापूर डॉलरला बारा-तेरा हजारांच्या आसपास रुपिया बसतात, करा हिशेब. फक्त सिंगापूरचा व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे ना ते आधी बघा, नाहीतर जाताना हसत जाल आणि लेक धक्क्यावर वाट बघत बसेल. दुपारची परतीची बोट चुकवू नका, रविवारी गर्दी असते.